हलत नाही

तार्तूत जानेवारीत सकाळ नऊला होते,
तीही नाइलाजानं.
मी आठलाच येते. कोट अंगावर ठेवूनच
काचेपलीकडच्या खोलीत डोकावते,
तिथं दिवस घड्याळावर चालतो,
सोळा तास उजेड, आठ तास काळोख.
बाहेर एमायोगी नदी गोठलेली,
आत वीस अंशांचं पाणी
आणि त्यात काल दुपारनंतर जन्मलेल्या पाणपिसवा.
सगळ्या मुलीच. बाप कुणालाच नाही.

खसखशीच्या दाण्याएवढा जीव.
भिंगाखाली घेतला की काही झाकलेलं राहत नाही:
हिरवट आतडं, एक काळा डोळा,
आणि पाठीशी लकलकणारं ते,
ज्याला काळीज म्हणायला नियमावलीची हरकत नसावी,
फक्त त्याला रकाना नाही.

एका पेल्यात पाच, असे चार पेले.
औषधाच्या पाच पायऱ्या,
एक रांग नुसत्या पाण्याची.
खायला काही द्यायचं नाही. अठ्ठेचाळीस तास.

नमुना सातशे बारा: कांद्यावरची बुरशी जाते म्हणे.
पेइप्सी तळ्याच्या काठी, कोल्क्यात,
फेव्रोन्या उंच वाफ्यांवर कांदे लावते,
गेल्या साली निम्मे काळे पडले.
"तुमचं कधी व्हायचं?" तिनं बाजारात विचारलं.
मी म्हटलं, "दोन दिवस लागतात."
"एवढंच?" ती म्हणाली, आणि वेणीतला एक कांदा
मोडून माझ्या हातावर ठेवला.

तानेल नवा आहे. हात स्थिर, तोंड नाही.
त्याला दाखवलं: पेला असा फिरवायचा,
झोपलेलं मूल कुशीवर वळवावं तसा.
मग पंधरा सेकंद.
पोहली तर पोहली.
नुसत्या मिशा हलवल्या तर लिही, हलत नाही.
"पण हलतेय की!"
"पोहत नाहीये."
"मग सरळ 'मेली' का नाही लिहायचं?"
"ते ठरवायला वेळ लागतो, तानेल.
आपल्याकडे पंधरा सेकंद आहेत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी
तिसरी पायरी, दुसरा पेला.
चार जणी वर, उड्या मारत, जशा मारतात तशा.
पाचवी तळाला, कुशीवर.
मी मनात मोजत होते, तो ओठांनी.
तेरा. चौदा. पंधरा.
मी पेन्सिल टेकवली, लिहिलं.
तो मोजतच राहिला.
सोळा.
सतराला ती उठली,
वाकडीतिकडी, अंधारात जिना चाचपावा तशी,
आणि वर आली.

"हिल्ये, खोडा."
"नाही."

त्यानं काचा विसळल्या. गरजेपेक्षा जास्त वेळ.
मी त्याला सांगू शकले असते
की ती पोहली असं लिहिलं तर
औषध तेवढंच सौम्य ठरतं,
आकडा वर सरकतो,
आणि त्या आकड्याच्या आडोशानं
थोडं जास्त विष तळ्यात उतरतं.
तिला बुडवूनच तिच्या बहिणी तरतील, वगैरे.
पण ते खरं कारण नव्हतं.
उद्या एखादी अशी असेल
की जिला न हललेली म्हटल्यानं कुणाचंच भलं होणार नाही,
आणि तेव्हाही मी पंधरालाच थांबेन.
पूर्वी कधीतरी, कुठल्याशा खोलीत,
कुणाला तरी मोजणं थांबवायचं होतं.
त्यांना भूक लागली असेल.

घरी कांदा चिरला. अर्धाच.
उरलेला खिडकीत पालथा ठेवला.

सकाळी तक्त्यावर सही करायला बसले
तर तिसऱ्या पायरीपाशी, समासात,
बारीक अक्षरात: १७.
समास हिशेबात धरत नाहीत.
कंपनीला जाणाऱ्या प्रतीत तर तो येतही नाही.
मी खोडरबर उचलला,
त्याची धूळ झटकली,
परत डब्यात टाकला.

जाळीतून आज एकशे तीस निघाल्या.
तानेलला हाक मारली. तो आधीच
पेले मांडत होता.